अकरा महिन्यांची वाळू

“काका, ही तर नदीतली वाळू आहे,” भिंगवाली म्हणाली. तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, हे सांगावं तितक्याच आवाजात म्हणाली. त्यामुळे त्याने आधी ‘हो का’ म्हटलं आणि मग त्याला ते ऐकू आलं. ती भूशास्त्र विभागातून आली होती. तिशीच्या अलीकडची की पलीकडची ते सांगता येऊ नये अशी, गळ्यात दोरीला भिंग, पायांत मळके बूट. सकाळपासून तिने संग्रहालयाच्या चार दालनांतले खडक, माती, शंख तपासले होते आणि प्रत्येक ठिकाणी ‘छान’ म्हणून पुढे सरकली होती. वाळवंट दालनात मात्र ती कठड्यावरून वाकली, चिमूटभर वाळू उचलून तळहातावर पसरली आणि बराच वेळ छान म्हणाली नाही. “हे बघा,” म्हणून तिने भिंग त्याच्या डोळ्याला लावलं. “कण कसे कोनाकोनांचे आहेत, फुटक्या काचेसारखे. वाळवंटातला कण वाऱ्याने एकमेकांवर आपटून आपटून गोल झालेला असतो, वरून धुरकट. आणि हे चमकतंय ना, ते अभ्रक. तिकडे अभ्रक टिकत नाही, त्याचा भुगा होतो. आणि हा,” तिने नखाने काहीतरी पांढरं बाजूला केलं, “हा गोगलगायीच्या शंखाचा तुकडा. गोड्या पाण्यातल्या.” बावीस वर्षं ही वाळू त्याच्या बुटांत, खिशांत, नखांत, डब्याच्या झाकणात होती, इतक्या जवळून तो ती पहिल्यांदाच पाहत होता. कण खरोखर फुटक्या काचेसारखे होते. “धुऊन, चाळून घेतलीय कुणीतरी,” भिंगवाली म्हणाली, “वरून रंगही दिलाय. काम मात्र मन लावून केलंय हं.” आणि मग दाराशी लावलेल्या तांब्याच्या पाटीकडे तिची नजर गेली. पाटीवर लिहिलं होतं की या दालनातली वाळू अमुक यांनी महावाळवंटाच्या अंतर्भागात अकरा महिने राहून प्रत्यक्ष गोळा केली आहे. अमुकांचं आडनाव आणि समोरच्या काकांच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं आडनाव एकच होतं. तिने तळहात झटकला, मग आपण संग्रहालयाचा नमुना जमिनीवर झटकला हे लक्षात येऊन ओशाळली. “मी अजून काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “शुक्रवारपर्यंत थांबते. तुम्ही घरी विचारून बघा.”

घरी विचारून बघा. जणू दुधाची पिशवी आणली का, हे विचारायचं होतं. संग्रहालयात माणसांना नावं होती ती हजेरीच्या वहीत. एरवी ज्याचं जे दालन, तेच त्याचं नाव. मासे आज रजेवर आहेत, पक्ष्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, कीटकांना डोळ्याचं ऑपरेशन सांगितलंय, सस्तन प्राणी निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलीच नाही. तो वाळवंट. ‘वाळवंट, तुमचा फोन आलाय.’ ‘वाळवंटांना चहा बिनसाखरेचा.’ सुरुवातीला त्याला हे जरा लागायचं. आता कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर तो मागे वळून बघायचा की कुणाला बोलावताहेत. त्याचं काम सकाळी नऊला सुरू व्हायचं. पायात मोजे घालून कठडा ओलांडायचा आणि लांब दांड्याच्या लाकडी फणीने वाळूवर लाटा काढायच्या. या फणीची आणि लाटांची पद्धत अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, एका वहीत लिहून ठेवली होती: लाटा पश्चिमेकडून. अंतर चार बोटं. उंटाच्या पायाशी वळसा. घाई दिसू नये. ही शेवटची सूचना त्याला फार आवडायची. बावीस वर्षं, रविवार धरून, तो घाई न दिसणारा वारा होता. दहा वाजता दालन उघडायचं, चाळीस सेकंदांची वाऱ्याची टेप सुरू व्हायची, छताचा नारिंगी दिवा लागायचा आणि लोक कठड्याला टेकून गंभीर व्हायचे. माशांच्या दालनात माणसं हसत हसत फिरायची, पक्ष्यांकडे मुलांना शिट्ट्या वाजवून दाखवायची. इथे आली की आवाज खाली आणायची. ‘शांत वाटतं नाही?’ असं टेपच्या आवाजावर आवाज चढवून एकमेकांना सांगायची. वाळवंटात देव भेटतो, निदान स्वतःची ओळख तरी पटते, असं प्रत्येकाने कुठेतरी वाचलेलं असायचं. समुद्रावर मात्र हीच माणसं खायला जायची. जाताना त्यांच्यातलं कुणीतरी हात लांब करून वाळूत आपलं नाव काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तो ते नाव चार बोटांच्या अंतराने पुसायचा.

संचालक नवे होते, चाळिशीचे, आणि इतके सभ्य की त्यांच्यासमोर बसलं की आपण कुणाकडून तरी सांत्वन करून घ्यायला आलो आहोत असं वाटायचं. त्यांनी सगळ्या दालनांना एक तक्ता दिला होता. संग्रहालयाला कसलासा दर्जा मिळवायचा होता आणि त्यासाठी प्रत्येक नमुन्यापुढे ‘उगम’ असा एक रकाना भरायचा होता. रकान्यात दोन चौकोन होते: खात्रीशीर आणि ऐकीव. एकावर खूण, खाली सही. ऐकीव नमुन्यांची दालनं बंद करून तिथे पडद्यावर फिरणारी चित्रं लावायची, असं ठरलं होतं. “भिंगवाल्या बाईंशी माझं बोलणं झालं,” संचालक म्हणाले. “तुमच्या वडिलांविषयी मला नितांत आदर आहे. तुम्हाला जे माहीत आहे, त्यावर खूण करा. फक्त पेन्सिलने करू नका.” हे सगळं सोमवारी झालं. दुपारी उपाहारगृहात डबा उघडून तो बसला तेव्हा समोर पक्षी येऊन बसले. पक्षी म्हणजे त्याचा इथला एकुलता एक मित्र, पन्नाशी ओलांडलेला, कानात केस आलेला. त्यांना सगळं कळलेलं होतं, कारण संग्रहालयात सगळं आधी पक्ष्यांना कळायचं. “त्यात काय,” पक्षी म्हणाले. “माझ्या गरुडाचे डोळे बाहुलीचे आहेत. मी केली ना खात्रीशीरवर खूण.” “गरुड तर खरा आहे ना पण.” “गरुड खरा आहे,” पक्ष्यांनी मान्य केलं आणि पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, “अहो, वाळू ती वाळू. लोकांना कुठे भिंगं असतात?” त्याला पक्ष्यांना सांगायचं होतं की प्रश्न वाळूचा नाही. वाळू कुठलीही असती तरी त्याला चाललं असतं. वाळू नदीची असेल तर अप्पा अकरा महिने कुठे होते, हा प्रश्न होता. आणि हा प्रश्न एकदा पडल्यावर तो डब्यातल्या घासाबरोबर खाली जाईना.

तो सात वर्षांचा होता तेव्हा अप्पा वाळवंटात गेले. संग्रहालयाने सर्वेक्षणाच्या एका तुकडीबरोबर त्यांना पाठवलं होतं. वाळवंट डोळ्यांनी बघून या, रेखाटून आणा, आणता येईल ते आणा, असा हुकूम होता. एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि तेही अप्पांकडून नव्हे. अप्पांनी वाळवंटाबद्दल कधी चार वाक्यंही धड सांगितली नाहीत. त्याचं सगळं वाळवंट आईचं होतं. ते गेल्यापासून रोज संध्याकाळी भांडी घासता घासता आई सांगायची: आता अप्पा उंटावरून उतरले असतील, आता तंबू ठोकला असेल, आता वाळूचा डोंगर एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर चालला असेल आणि अप्पा त्याला वाट देऊन बाजूला उभे असतील. आईच्या वाळवंटात डोंगर चालायचे, उंट रुसायचे, विहिरीच्या तळाशी दिवसा चांदण्या दिसायच्या, आणि एक आंधळा वाटाड्या होता जो वाळूची चव घेऊन गाव किती लांब आहे ते सांगायचा. तो स्वतः तोंड उघडं टाकून ऐकायचा. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी ताई तेव्हाही तोंड मिटून ऐकायची. पत्र का येत नाही, असं तिने एकदा विचारलं, तर आई म्हणाली, “वाळवंटात टपालपेटी असते का गं?” त्यावर ताई म्हणाली होती, “पेटी नसते, पण माणसं असतात की.” आणि आईने तवा इतका जोरात घासायला घेतला होता की पुढचं बोलणं त्या खरखरीत बुडून गेलं. ती खरखर त्याला आता, सेहेचाळीस वर्षांनी, बसच्या खिडकीला डोकं टेकून बसल्यावर स्पष्ट ऐकू आली. इतकी वर्षं तिला काही अर्थ नव्हता. तवा घासण्याचाच आवाज होता. आज अचानक तिच्यात दुसरं काहीतरी घासल्यासारखं वाटत होतं. अप्पा परत आले तेव्हा काळवंडलेले आणि बारीक होते, खुर्चीऐवजी जमिनीवर बसायचे, पेला भरून दिला तरी अर्धाच प्यायचे. हे सगळं वाळवंटाचं म्हणून घराने अभिमानाने सांभाळलं होतं. पण माणूस काळवंडायला आणि अर्धा पेला प्यायला वाळवंटच लागतं असं नाही, हे त्रेपन्नाव्या वर्षी कुणालाही कळतं.

मंगळवारी त्याने ताईला फोन केला. ती दुसऱ्या शहरात होती, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आणि स्वभावामुळे कुठे जायची नाही, आणि त्याला अजून छोट्या म्हणायची. त्याने सगळं सांगितलं. पलीकडे भाजी चिरल्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. “छोट्या, तुला हे आत्ता कळलं?” “तुला माहीत होतं?” “माहीत काय असायचंय. एक धडधाकट माणूस अकरा महिने जातो, एक ओळ पाठवत नाही, परत येतो आणि तोंडातून शब्द काढत नाही. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याबद्दल ऐकलं असतंस तर तू काय म्हणाला असतास?” त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. “तिकडे दुसरं बिऱ्हाड होतं का, हे मी आईला एकदा विचारलं होतं,” ताई म्हणाली. “माझ्या लग्नाच्या आधी. तर म्हणते कशी, तुझ्या अप्पांना एक बिऱ्हाड झेपत नाही, ते दुसरं कुठून मांडतील?” ताई हसली, मग खोकली. “हे काही उत्तर नव्हे रे. आई कधीच उत्तर द्यायची नाही, गोष्ट सांगायची.” मी आता काय करू, असं त्याने विचारलं. “विचार त्यांना. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला लपवून काय मिळणारेय? आणि काय म्हणतील ते मला कळव. नाहीतर नको कळवूस. मला आता काही फरक पडत नाही.” फोन ठेवण्याआधी तिने दोनदा बजावलं की नक्की कळव.

बुधवारी घरी जाताना त्याला रस्त्याकडेला एका अर्धवट इमारतीपुढे वाळूचा ढीग दिसला. असे ढीग त्याने आयुष्यभर पाहिले होते, त्यांना वळसा घालून तो गेला होता. आज तो खाली बसला, चिमूट घेतली आणि उन्हात धरली. चमकत होतं. बोटांनी चाळवल्यावर एक शंखाचा पांढरा कपचाही निघाला. “काय साहेब, बांधकाम काढलंय का?” खुर्चीत बसलेल्या राखणदाराने विचारलं. “नाही, बघतोय फक्त.” “बघा, बघा. चांगली आहे. गिलाव्याला आधी चाळून घ्या मात्र.” चाळून घ्या. बावीस वर्षं ज्याच्यावर वारा होऊन फिरलो ते हे, असं त्याच्या मनात आलं, पण त्या विचाराबरोबर दुःख यावं तसं आलं नाही. नुसता थकवा आला आणि त्याला ढिगावर हात टेकून उठावं लागलं. आयुष्यात त्याने वाळवंट पाहिलं नव्हतं. दोनदा संधी आली होती, एकदा प्रवासी कंपनीची सहल आणि एकदा खात्याचं प्रशिक्षण. दोन्ही वेळा तो गेला नाही, कारण त्याला वाटलं होतं, आपल्याकडे आहे की. आता वाटलं, आपल्याकडे काय आहे? एक भुसा भरलेला उंट आहे, ज्याच्या गुडघ्याला दरवर्षी कसर लागते. भिंतीवर रंगवलेल्या टेकड्या आहेत. टेपवरचा वारा आहे, आणि तो वारा म्हणजे अप्पांनी रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकून काढलेला आवाज आहे, हे सस्तन प्राण्यांनी निवृत्त होताना त्याला सांगितलं होतं. तेव्हा त्याला ते मोठं कौतुकाचं वाटलं होतं. आणि मधोमध आपण, मोजे घालून.

घरी अप्पा बाल्कनीत चाकाच्या खुर्चीत बसलेले असायचे. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून पाय गेले होते, बाकी सगळं जागेवर होतं; कान तर इतके तिखट की शेजारच्या घरातल्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते ते सुनेला इथून सांगायचे. बुधवारी त्याने विचारलं नाही. त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला, ‘काही हवंय का’ म्हणाला, ते ‘नको’ म्हणाले. गुरुवारी पुन्हा तसाच उभा राहिला. आतून बायको म्हणाली, “अहो, विचारायचं असेल तर विचारून टाका, नाहीतर जेवायला बसा. दोन्ही एकदम करू नका, घास अडकतो.” तिला त्याने सगळं सांगितलं होतं; तिचं म्हणणं होतं की सासरे कुठेही गेले असोत, परत आले हे महत्त्वाचं, आणि तिच्या माहेरचे काहीजण एवढंही करत नाहीत. त्याला तिच्या शहाणपणाचा कधी कधी फार कंटाळा यायचा. अप्पांच्या पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे, खुर्चीच्या हातांवर पसरलेल्या सपाट बोटांकडे तो बघत राहिला. ही बोटं कुणाच्या तरी दुसऱ्या घरात, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावरून फिरली असतील का? त्या घरातल्या मुलाला आता पंचेचाळीसावं लागलं असेल. तोही कुठेतरी काहीतरी पुसत असेल. हे सगळं त्याने इतकं नीट पाहून टाकलं की विचारायला उशीर झाला, आणि मग एकदम तोंडातून निघालं, “अप्पा, दालनातली वाळू नदीतली आहे म्हणे.”

अप्पांनी मान वळवली नाही. “कोण म्हणालं?” “एक बाई आल्या होत्या. भिंग घेऊन.” “बरोबर आहे,” अप्पा म्हणाले. “उशीर झाला त्यांना यायला.” मग खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं ते पूर्ण होईपर्यंत ते थांबले. “तिथे वाळू नव्हतीच,” ते म्हणाले. “कुठे?” “वाळवंटात. दगड होते. सपाट, जिकडे बघावं तिकडे दगड. वाळू पुढे आहे म्हणायचे सगळे. दहा दिवसांच्या वाटेवर. मग गाडी मोडली, मग दुसरी गाडी येईपर्यंत पावणेचार महिने गेले, मग तुकडीच्या साहेबांना ताप. पुढे कुणी गेलंच नाही.” “अकरा महिने दगड?” “नऊ पेट्या भरून आणले. संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनी पहिली पेटी उघडली आणि म्हणाले, हे काय, हे तर आमच्या अंगणात आहेत. लोक वाळवंट बघायला येणार आणि त्यांना तुम्ही खडी दाखवणार? उद्घाटनाला बारा दिवस होते. वाळू हवी म्हणाले. इमारतीच्या पश्चिम अंगाचं बांधकाम चालू होतं, तिथल्या ठेकेदाराकडून घेतली.” हे सगळं अप्पांनी, सुताराने जुनी खुर्ची कशी दुरुस्त केली ते सांगावं, तसं सांगितलं. त्याने विचारलं, “आईला माहीत होतं?” “तिनेच तर चाळली. अंगणात ढीग टाकला होता, रवा चाळायच्या चाळणीने चाळली तिने, आठ दिवस. तू वर चढून बसायचास, तुला रोज उतरवून घ्यावं लागायचं.” आणि हे मात्र त्याला आठवलं. ओला, गार ढीग, चड्डीतून आत जाणारी वाळू, आईचे कोपरापर्यंत पिवळे झालेले हात. घराची डागडुजी होती असं तो समजून होता. आई चाळताना गाणं म्हणत होती. म्हणजे चालते डोंगर आणि रुसणारे उंट सांगणारी बाई सगळं जाणून, चाळणी हलवत, त्या डोंगरांसाठी माल तयार करत होती. आणि त्यानंतरही, तो दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत, आंधळा वाटाड्या वाळूची चव घेत राहिला होता.

“मग तुम्ही कधी सांगितलं का नाही?” “काय सांगायचं? दगड होते.” अप्पांनी खुर्चीवरची बोटं उचलून पुन्हा ठेवली. “तुझी आई इतकं छान सांगायची. तिचं ऐकून मलाच वाटायचं, आपण भलतीकडेच जाऊन आलो.” “आणि पत्र?” “पत्रात तरी काय लिहिणार?” “आणि ते दगड कुठायत?” विचारताना आपला आवाज पोलिसासारखा झाल्याचं त्याला जाणवलं, पण आता थांबता येत नव्हतं. नऊ पेट्या. एक दगड मिळाला असता तरी भिंगवालीच्या हातात दिला असता. अप्पा म्हणाले, “मोठ्या साहेबांनी भरावात टाकायला सांगितले. पश्चिम अंगाच्या जोत्यात. आता तिथे काय आहे?” तिथे आता उपाहारगृह होतं. “रेखाटनं?” “ती मोठ्या साहेबांच्या कपाटात होती. साहेब गेले, कपाट गेलं.” म्हणजे काहीच नव्हतं. एक म्हातारा माणूस सांगत होता की मी तिथे होतो, तिथे काही नव्हतं, आणि जे नव्हतं ते मी आणलं, आणि ते सिमेंटखाली गेलं. ताईने हे ऐकलं असतं तर भाजी चिरणं थांबवलंही नसतं. त्याला विश्वास ठेवावासा वाटत होता, आणि वाटत होता म्हणूनच तो बसेना. कुणी अकरा महिन्यांचा हिशेब द्यायचा ठरवला असता, तर त्याने याहून चांगली गोष्ट रचली असती, हे खरं. पण अप्पांना गोष्ट रचता येत नव्हती हेही खरं. “पाटी काढतील,” तो म्हणाला. “काढू देत,” अप्पा म्हणाले. “पाटीवरचं ते ‘प्रत्यक्ष’ मी घातलेलं नव्हतं.” एवढ्यावर ते मिटले. उद्घाटनानंतर महिन्याभरात त्यांनी माशांच्या दालनात बदली मागून घेतली होती आणि निवृत्त होईपर्यंत ते मागच्या जिन्याने, लांबचा फेरा घेऊन ये-जा करायचे. मासे आवडतात म्हणून गेले असं घरात सांगितलं जायचं. घरी मासा शिजलेला त्यांना वासानेही चालायचा नाही.

शुक्रवारी उपाहारगृहात तो डबा न उघडता बराच वेळ फरशीकडे बघत बसला. पक्षी म्हणाले, “काय पडलंय?” त्याने काही नाही म्हटलं. मग वर जाऊन त्याने ऐकीव या चौकोनात शाईने खूण केली, सही केली, आणि खाली जागा होती म्हणून लिहिलं: वाळू स्थानिक नदीतली. मूळ नमुना दगड, उपलब्ध नाही. संचालकांनी वाचलं आणि कागद दोन्ही हातांनी सरळ केला. “दगडांचं लिहिण्याची गरज नव्हती,” ते हळूच म्हणाले. “त्याला पुरावा लागेल.” “पुरावा नाही.” “मग ती ओळ तशीच ठेवायची का?” “राहू द्या,” तो म्हणाला. भिंगवालीने जाताना त्याचा हात हातात घेतला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि “काळजी घ्या” म्हणाली. लोक मयताला आल्यावर म्हणतात तसं. पुढच्या आठवड्यात चार मजूर घमेली घेऊन आले. अप्पांची फणी, दांडा मोडून, पहिल्याच फेरीत गेली. उंट आडवा करून कोठारात नेला, तेव्हा त्याच्या पोटातून भुसा दारापर्यंत सांडत गेला. मागच्या भिंतीवरच्या टेकड्या पत्र्याने खरवडल्या. वाळू पोत्यांत भरून गेली ती पक्ष्यांनी आवारातल्या खड्ड्यांसाठी मागून घेतली होती. त्याला सध्या कीटकांच्या हाताखाली बसायला सांगितलं होतं. कीटकांचं ऑपरेशन झालं नव्हतं आणि त्यांना लेबलं वाचून दाखवायला कुणीतरी हवंच होतं. आपल्याला आता काय म्हणून हाक मारतील, असा विचार त्याच्या मनात एकदा आला, पण कुणी हाकच मारली नाही. घरी त्याने ताईला फोन करून अप्पांचं उत्तर सांगितलं. “दगड?” ताई म्हणाली. मग म्हणाली, “तुला पटलं?” “माहीत नाही.” “मलाही,” ताई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला टोमणा न मारता फोन ठेवला.

शनिवारी दुपारी अप्पांनी विचारलं, “काढली का वाळू?” “काढली.” “सगळी?” “सगळी. झाडून घेतलं.” “मग एकदा ने मला,” अप्पा म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी आपणहून त्या दालनाचं नावही काढलं नव्हतं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला पाटीची जागा बघायचीय. पाटी निघाली की चार भोकं राहतात, ती माणसाला बघावीशी वाटतात. बायकोने त्यांना धुतलेला शर्ट घातला, टॅक्सीवाल्याने कुरकुरत खुर्ची घडी करून मागे टाकली. संग्रहालयाचा उतरता दगडी रस्ता, मागचं मोठं दार, लांबचा बोळ.  पाटीच्या भोकांकडे अप्पांनी पाहिलंच नाही. दालनात कठडा नव्हता, टेप नव्हती, नारिंगी दिवा काढून नेला होता. वरच्या झरोक्यातून साधा पांढरा उजेड खाली येत होता. राखी रंगाची कोबा केलेली जमीन, कुठे उंच कुठे सखल, गिलाव्याची ढेकळं, खरवडलेल्या भिंतीची भुकटी. त्याला लाज वाटली. निदान फडकं तरी मारून घ्यायला हवं होतं. दाराच्या जरा आत त्याने खुर्ची उभी केली, चाकांना अडसर लावला, आणि मागे उभा राहिला.

अप्पा पाहत होते. आधी समोर, मग हळूहळू डावीकडून उजवीकडे, मान न हलवता, फक्त डोळ्यांनी.  “असंच होतं,” ते म्हणाले. “फक्त जरा मोठं.” त्याने आजूबाजूला बघितलं. “इतकं रिकामं?” “रिकामं कुठंय,” अप्पा चिडूनच म्हणाले, त्याने लहानपणी गणित चुकवल्यावर चिडायचे तसे. “बस खाली. उभ्याने दिसत नाही. मलाही पहिले दोन महिने काही दिसलं नव्हतं.” तो त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला, कोबा गार होता. “ते ढेकूळ बघ,” अप्पा म्हणाले आणि हात खुर्चीवरून उचलून बोट केलं. “त्याची सावली किती आहे? बोटभर. एवढ्याशा सावलीत एक काळा किडा सबंध दुपार काढायचा. सावली सरकली की सरकायचा. माझा तोच उद्योग होता, त्याच्याकडे बघायचं. दगड वरून काळे असतात, तेल चोळल्यासारखे, आणि खालून फिके. एक दगड मी चुकून उलटा ठेवला होता, तंबूपासून पार लांब. दोन महिन्यांनी परत त्या बाजूला गेलो, तर फर्लांगभरावरून दिसला. पांढरा. सगळ्यात तो एकटा. मला इतकं ओशाळं वाटलं, की धावत जाऊन सुलटा केला.” अप्पा थांबले. त्यांना धाप लागली होती. न विचारता इतकं ते गेल्या दोन वर्षांत कधी बोलले नव्हते. “हे मी कुणाला सांगणार होतो?” ते म्हणाले.  ताईला हे फोनवर कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, ते त्याला कळेना, आणि मग सांगायची घाईही वाटेना. बाहेर बोळात कुणाची तरी पावलं आली आणि गेली. झरोक्यातला उजेड भिंतीवरून खाली उतरून जमिनीवर तिरका पडला होता. तो गुडघ्यांवर हनुवटी टेकून बघत राहिला, आणि काही वेळाने त्याला जमिनीचा उतार दिसायला लागला.